डाव्या हाताचा घास

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी गेलो तो नर्सिंगला, जिथं लिहायचं म्हणजे ताप, नाडी आणि लघवीचं माप. त्यातून विषय असा घेतलाय की आमच्या मॅडमनी वाचला तर म्हणतील, तुला काय कळलंय त्यातलं. खरंच, पूर्ण कळलेलं नाही. पण कांदा निघायला लागला आणि परीक्षा जवळ आली की एक जुना उन्हाळा माझ्याकडं येऊन बसतो आणि काही केल्या उठत नाही. म्हणून हे धाडस.

सध्या मी शिरूरला एका दवाखान्यात ब्रदर आहे. पुरुष नर्सला आमच्याकडं ब्रदरच म्हणतात. नोकरी सांभाळून पुढची पदवी करतोय. वर्गातल्या पोरांपेक्षा बराच थोराड दिसतो. ड्यूटी संपवून खोलीवर येतो, बूट काढतो, सुजलेले पाय बादलीतल्या पाण्यात सोडतो आणि पुस्तक उघडतो. पान उलटेपर्यंत अक्षरं एकमेकांत शिरायला लागतात. खालच्या रस्त्यानं कांद्याचे टेम्पो जात असतात. उन्हात तापलेल्या सालींचा तो उग्र, जरासा गोड वास जिना चढून वर येतो. समोर तोच सिद्धांत असतो, जो मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी दौंडला पाठ केला होता. पुस्तक जाड झालंय. सिद्धांत आहे तसाच आहे.

तसा तो अवघड नाही. माणूस स्वतःसाठी जे करू शकतो ते त्याला करू द्यावं. जिथं तो कमी पडतो, तेवढीच जागा नर्सनं भरावी. पण इंग्रजीत हेच सांगायला पानंच्या पानं लागतात आणि मी मराठी शाळेतून गेलेला. त्यातला ‘डेफिसिट’ हा शब्द माझ्या जिभेवर बसेना. मग मला कांदाचाळीतला कांदा आठवला. साठवलेला कांदा सुकत जातो, वजनाला कमी भरतो, त्याला आमच्या घरी घट म्हणतात. मी समासात पेन्सिलीनं ‘घट’ लिहिलं आणि तो परका सिद्धांत मला थोडा ओळखीचा वाटायला लागला. आजारानं माणसात घट येते. ती किती आली हे नीट बघायचं. तेवढीच भरायची.

त्या वर्षी परीक्षेआधी काही दिवसांची सुट्टी मिळाली आणि मी एसटीनं न्हावऱ्याला घरी गेलो. दोन हजार सालाच्या आसपासचा तो उन्हाळा. रानात कांदा उपटून पडलेला, वर पातीचं पांघरूण. आई आणि बायका पात कापत बसलेल्या. मीही हातात विळा घेऊन बसलो आणि शेजारी ढेकळावर नोट्स ठेवल्या. वाऱ्यानं पानं उडायची म्हणून त्यावर कांदा ठेवायचा.

“काय पुटपुटतोय रं?” आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं.

“थिअरी.”

“म्हंजी?”

मी जरा विचार केला. “काम कसं करायचं ते प्रॅक्टिकल. का करायचं, ती थिअरी.”

आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “का करायचं हे एवढं मोठं हाय व्हय? मंग करायचं कवा?”

बायका हसल्या. मीही हसलो. आप्पांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आज इतक्या वर्षांनी, वॉर्डच्या दारात उभा राहून भरलेल्या खाटा बघताना तो प्रश्न मला आठवतो.

दौंडला आमचा पुरुष विभाग रेल्वेच्या बाजूला होता. शंटिंगचे धक्के भिंतीतून जाणवायचे. दुपारी पंखा गरम हवाच फिरवायचा, खिडकीला ओला पडदा लावला तरी तो घटकेत वाळायचा. फिनेलचा वास, घामाचा, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. तिथं मला केअर स्टडीसाठी एक पेशंट मिळाला. केअर स्टडी म्हणजे एका माणसाची काळजी एका सिद्धांताप्रमाणं घ्यायची, ती लिहायची, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षक त्याच्या खाटेजवळ उभ्या राहून प्रश्न विचारणार.

माझा पेशंट होता बिरूआबा. कवठे येमाईकडचा धनगर. आयुष्यभर मेंढरं राखली, अलीकडं मुलानं थोडी जमीन बागायती केली म्हणून घर धरून राहिलेला. लकव्यानं उजवी बाजू गेली होती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यानं धोका टळल्यावर परत पाठवलं होतं. बोलणं थोडं जड, पण कळायचं. डोळे मात्र लांबवरचं बघायची सवय असलेले; वॉर्डच्या भिंतीकडंही तो असा बघायचा जणू तिच्यापलीकडं कळप चरतोय. त्याच्याजवळ त्याची बायको हौसाबाई असायची. मुलगा पोपट एक दिवसाआड मोटारसायकलवर भाकरी, दूध घेऊन यायचा.

हौसाबाई त्याला भरवायची. दुधात भाकरी चुरून, बोटांनी मऊ करून, एकेक घास. तोंड पुसायची. पाणी पाजायची. घास देताना तिचंही तोंड जरासं उघडायचं. बघायला फार छान वाटायचं ते. आणि माझ्या केअर प्लॅनमध्ये पहिल्याच दिवशी मी लिहून बसलो होतो की पेशंट स्वतःच्या हातानं जेवेल.

मी हौसाबाईंना समजावलं. आबांचा डावा हात चांगला आहे, त्यांना त्या हातानं खाऊ द्या. आपण भरवत राहिलो तर उद्या ते कायमचे आपल्यावर विसंबून राहतील. तिनं वाटी आबांच्या समोर ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिली. आबांनी वाटीकडं बघितलं. मग आपल्या डाव्या हाताकडं. मग मान भिंतीकडं फिरवली.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक मामा होते, रेल्वेत गँगमन. ते बघत होते.

“ब्रदर,” ते म्हणाले, “त्यो हात कशाला वापरत्यात ठाव हाय न्हवं?”

“माहीत आहे, मामा.”

“मंग पुस्तकात लिव्हलंय का, की आता त्यानंच जेवा म्हणून?”

पुस्तकात फक्त ‘हात’ लिहिलं होतं. उजवा, डावा असं काही नव्हतं. ज्या देशात ते लिहिलं गेलं, तिथं हाताहातात एवढं अंतर नसावं. मला वाटलं होतं की आबांमधली घट मी मोजली आहे. एक हात गेला, एक राहिला. पण राहिलेला हात जेवणाच्या ताटापुरता त्यांनी कधी धरलाच नव्हता. हिशेबानं त्यांचे दोन्ही हात गेले होते.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. संध्याकाळीही नाहीत. हौसाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “आवं ब्रदर, माणूस उपाशी ऱ्हायला. मी हाय न्हवं हितं? माझं हात गेल्यात का? मला भरवू द्या की.” आणि मी, ज्याला आईनं परीक्षेच्या सकाळी पुस्तक हातात असताना घास भरवले होते, काय बोलणार?

ट्यूटर मॅडमना जाऊन विचारलं. त्या आम्हाला थिअरी शिकवायच्या, बारीक आवाजाच्या, कायम थकलेल्या. टेबलावर वह्यांचा ढीग होता. मी म्हणालो, मॅडम, हा सिद्धांत या पेशंटला लागू होत नाही, दुसरा घेऊ का?

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “सिद्धांतात कुठं लिहिलंय की भरवू नका?”

“पण ते स्वतः...”

“भूक लागली असेल तर भरव. त्यांची बायको भरवत असेल तर भरवू दे. पण रोज एकदा वाटी समोर ठेव आणि थांब.”

“किती वेळ?”

“ते सिद्धांतात नाही,” त्या म्हणाल्या आणि पुढची वही ओढली.

मग तसं सुरू झालं. सकाळी आणि संध्याकाळी हौसाबाई भरवायची. दुपारी मी वाटी समोर ठेवून उभा राहायचो. हात पाठीमागं धरून उभा राहायचो, कारण ते पुढं असले की आपोआप वाटीकडं जायचे. उभं राहणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. बाकीचे पेशंट हाका मारायचे. गँगमन मामा म्हणायचे, “आबा, खा बाबा. पोरगं उभं राहून राहून वाळून जाईल.” आबांच्या ओठांच्या कडेला हसू यायचं. तेवढंच. वाटीतल्या दुधावर साय धरायची आणि हौसाबाई मग वाटी उचलायची.

वाट बघताना बोलणं व्हायचं. मेंढरं कातरताना डावा हात काय करतो, मी विचारलं. आबा म्हणाले, “धरतो. डाव्यानं धरायचं, उजव्यानं कातरायचं.” नव्या कोकराला? “डाव्या काखंत घ्यायचं. उजव्या हातानं दूध पाजायचं.” म्हणजे तो हात आयुष्यभर काहीतरी धरूनच राहिलेला. मी वहीत लिहून घेतलं, पण त्याचं काय करायचं ते सुचलं नाही.

आणि एक दिवस पोपट गावाकडून येताना देवीचा भंडारा घेऊन आला, कागदाच्या पुडीत बांधलेला. हौसाबाईनं आबांच्या कपाळाला लावला, मेलेल्या उजव्या हाताला चोळला, काहीतरी पुटपुटली. आबा बघत होते. मग जड जिभेनं म्हणाले, “त्याला काय लावतीस? त्यो गेला. ह्याला लाव.”

त्यांनी डावा हात पुढं केला होता.

हौसाबाई थबकली. माझ्याकडं बघितलं. माझ्या कुठल्याही पानावर यासाठी शब्द नव्हता. तिनं तो हात साबणानं धुतला, पदरानं कोरडा केला आणि तळव्यावर, पाचही बोटांवर भंडारा चोळला. हात हळदीनं पिवळाधमक झाला. आबांनी तो डोळ्यांसमोर धरून उलटसुलट बघितला, एखादं विकत घेतलेलं जनावर बघावं तसा. मग दुपारची वाटी आली. बोटं दुधात बुडाली. पहिला घास हनुवटीवर सांडला, दुसरा अर्धा तोंडात गेला. दूध पिवळं झालं होतं.

गँगमन मामा म्हणाले, “जमलं की गड्या.”

हौसाबाई मात्र हसली नाही. ती खाटेच्या कडेला बसून राहिली, मोकळे हात मांडीवर ठेवून. त्या हातांकडं बघून मला पहिल्यांदा वाटलं, मी हिचंही काहीतरी काढून घेतोय का? पण असं वाटून घ्यायला वेळ नव्हता. परीक्षा आली होती.

परीक्षक आल्या तेव्हा आबा जेवतच होते. त्या पुण्याहून आल्या होत्या, प्रवासानं दमलेल्या. त्यांनी केस पेपर बघितला, मला इंग्रजीत व्याख्या विचारली, मी अर्धीच सांगितली. मग त्यांची नजर आबांच्या हातावर गेली. त्या खाली वाकल्या.

“यांची कावीळ तपासली का?”

“नाही मॅडम. भंडारा आहे.”

“काय?”

“डावा हात जेवणाचा व्हावा म्हणून लावलाय. पेशंटनीच सांगितलं.”

मागं उभ्या असलेल्या ट्यूटर मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. परीक्षकांनी माझा केअर प्लॅन उघडला. त्यात प्रत्येक कामासमोर त्याचं शास्त्रीय कारण लिहायचा रकाना असतो. वाटी समोर ठेवणं, थांबणं, याला मी कारणं लिहिली होती. भंडाऱ्यासमोरचा रकाना रिकामा होता.

“इथं काय?”

“मला सुचलं नाही, मॅडम.”

त्या आबांना घास घेताना बघत राहिल्या. मग “ठीक आहे” म्हणून पुढच्या खाटेकडं गेल्या. मी पास झालो. फार चांगले नाही, फार वाईट नाही, असे मार्क मिळाले.

आबांना घरी सोडलं त्या दिवशी पोपटनं जीप आणली होती. मी हौसाबाईंना पुन्हा समजावत होतो. घरी गेल्यावर त्यांचं त्यांना जेवू द्या, रोज, नाहीतर हात विसरून जाईल. तिनं गाठोडं बांधता बांधता ऐकून घेतलं.

“ब्रदर, तुम्ही लई केलं,” ती म्हणाली. “पर घरी मी भरवनार. लोक काय म्हणतील, बायकू बसलीय आन् म्हातारा डाव्या हातानं खातोय.”

जीपमध्ये बसताना आबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, मेंढरू धरतात तसं. बोटांच्या चिरांमध्ये अजून पिवळा रंग होता.

जीप गेली आणि मी वॉर्डात परत आलो. त्या खाटेवर दुपारपर्यंत दुसरा माणूस आला. मला राहून राहून वाटत होतं की आपला सिद्धांत दवाखान्याच्या फाटकापर्यंतच होता. आत परीक्षक होत्या, मॅडम होत्या, म्हणून तो हात वर उचलला गेला. बाहेर घर होतं, चार लोक होते, आणि एक बाई होती जिला आपला नवरा आपल्या हातानं जेवायला हवा होता. तिचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण मग मी इतके दिवस हात मागं धरून उभा राहिलो ते कशासाठी? त्या वर्षी नापास झालो असतो तर परत बसलो असतो. या प्रश्नाला मात्र परत बसता येत नव्हतं.

नोकरीत तो प्रश्न हळूहळू मागं पडला. खरं सांगायचं तर दमणुकीखाली दबला. रुग्णाला स्वतःच्या हातानं जेवू द्यायचं तर थांबावं लागतं. भरवणं लवकर होतं. अंग पुसून देणं लवकर होतं, त्याला पुसू देणं लांबतं. आमच्या वॉर्डात कंपन्यांतले परप्रांतीय कामगार येतात, हात चेंबलेले, बोटं गेलेली. “भैया, खुद नहीं होगा,” म्हणतात. मला माहीत असतं की होईल, फक्त कुणीतरी शेजारी उभं राहायला हवं. आणि पलीकडं दुसऱ्याची सलाईन संपत आलेली असते. मी चमचा उचलतो आणि भरवून टाकतो. पुस्तकातलं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते खरं आहे म्हणूनच दमायला होतं. नसतंच माहीत तर मी निवांत भरवत राहिलो असतो आणि घरी जाऊन झोपलो असतो. आता चमचा हातात घेतला की आत कुणीतरी हात मागं धरून उभं असतं.

आमच्या वर्गातल्या पोरी मला विचारतात, दादा, तुम्ही तर कामच करता, तुम्हाला थिअरीचा काय उपयोग होतो हो? मी काहीतरी सांगतो. आप्पांचं वाक्य सांगून त्यांना हसवतो. आबांबद्दल कधी सांगितलं नाही, कारण त्याचा शेवट मला माहीत नव्हता. किंवा जो माहीत होता तो सांगण्यासारखा नव्हता.

परवा पोपट भेटला. ओपीडीच्या रांगेत पोराला घेऊन उभा होता, केस पांढरे व्हायला लागलेले. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं.

“ब्रदर न्हवं का तुम्ही? दौंडचं?”

आम्ही बाहेर लिंबाखाली उभे राहिलो. चहा घेतला. आबा कसे आहेत, हे विचारायला मी जरा भ्यालो. आबा आहेत, म्हणाला. मागच्या वर्षी आई गेली.

“आबांना जेवायला मग आता...”

“आई व्हती तवर आईच भरवायची. कुणाला हात लावू द्यायची न्हाई. आबा बी गप तोंड उघडायचं.”

मी मान हलवली. मला वाटलं होतं तसंच होतं ते. फाटकापर्यंतचा सिद्धांत. चहा गार होत होता.

“मंग आई आंथरुणाला खिळली,” पोपट म्हणाला. “पोटाचं दुखणं. डाक्टर म्हणलं, आता घरीच ठेवा. खाईना, पिईना. माझी बायकू भरवायला बसली की तोंड मिटायची. मी बसलो तरी तेच. आम्ही पार दमलो, ब्रदर. आन् एक दिस आबा सरकत सरकत तिच्या आंथरुणापाशी आलं. मला म्हणलं, देव्हाऱ्यातला भंडारा आण.”

त्यानं पोराला कडेवर घेतलं, ते रडायला लागलं होतं.

“हात धुवून घेतला माझ्याकनं. भंडारा लावून घेतला. मंग दुधात भाकर चुरली, त्याच डाव्या हातानं. लई येळ लागला. सांडलं बी. पर आईनं तोंड उघडलं. जाईपत्तुर रोज त्यांनीच भरवलं तिला.”